ढाल, शिरस्त्राण आणि चिमूटभर कुंकू

नाण्याचा व्यास साडेसोळा मिलिमीटर. वजन चार ग्रॅमला थोडं कमी. धातू कांसं, रंग काळपट हिरवा. एका बाजूला वाटोळी ढाल, तिच्या कडेने चंद्रकोरी. दुसऱ्या बाजूला शिरस्त्राण, त्याला गालांवर उतरणाऱ्या दोन पट्ट्या आणि माथ्यावर तुरा. तुऱ्यापासून काठापर्यंत केसाएवढी बारीक, किंचित उंच अशी एक रेघ. या रेघेसाठी आम्ही २००६ च्या दसऱ्याला सिंगापूरला गेलो.

आम्ही म्हणजे दिगंबरराव जोगळेकर आणि मी. ते शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले, मी वृत्तपत्राच्या बातमी विभागातून. पुण्यात महिन्यातून एकदा नाणी जमवणाऱ्यांची बैठक भरते, तिथली आमची ओळख. मी नाणी जमवत नाही, फक्त बघतो. दिगंबररावांकडे बहुतेक शिवराया, शिवकाळातली तांब्याची नाणी, आहेत. ग्रीक नाणं एकच, मुंबईच्या चोरबाजारात गुंड्यांच्या डब्यात सापडलेलं. मॅसिडोनियाच्या राजांनी सैनिकांच्या हाती खेळण्यासाठी पाडलेलं हे कांस्य नाणं आहे, असं ते तीस वर्षं सांगत आले. बैठकीतले बापट तितकीच वर्षं नाही म्हणत आले.

बापटांना अखेर पुरावा मिळाला. संग्राहकांच्या एका इंग्रजी मासिकात सिंगापूरच्या एका गृहस्थांच्या नाण्याचा फोटो आला होता. तीच ढाल, तेच शिरस्त्राण आणि तुऱ्याजवळ तीच रेघ. ठशाला तडा गेला की घाव घालताना धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. त्या ठशाच्या पुढच्या प्रत्येक नाण्यावर ती येते. दिगंबरराव म्हणाले, दोन्ही नाणी एका ठशाची भावंडं. बापट म्हणाले, "भावंडं कसली? त्या नाण्यावरून साचा काढून ओतलेलं आहे तुमचं. झेरॉक्स, जोगळेकर, झेरॉक्स!" बैठक हसली. दिगंबरराव हसले नाहीत. त्याच आठवड्यात त्यांनी सिंगापूरला पत्र टाकलं. तीन आठवड्यांनी टाइप केलेलं दोन ओळींचं उत्तर आलं: तुमचं नाणं घेऊन या. शेजारी शेजारी ठेवून पाहू.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून हे नाणं जुनं नाही, असा दाखला काढावा लागला. अर्जासोबत जाणकाराचं मत जोडायचं होतं. दिगंबररावांनी बापटांचंच जोडलं. नाणं खोटं ठरलं म्हणूनच ते विमानात बसू शकलं.

शनिवार, क्लेमेंटी

चांगी विमानतळावर दिगंबररावांचा भाचा निलेश न्यायला आला होता. तो जुरोंग आयलंडवर एका रसायन कारखान्यात पंप आणि व्हॉल्व्हच्या देखभालीचा इंजिनियर आहे. रोज कंपनीच्या बसने, गळ्यात पास अडकवून जातो. क्लेमेंटीत त्याचा दहाव्या मजल्यावर फ्लॅट. बायको ऋचा, आठ वर्षांची मुलगी इरा. इराला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र शेवटी ‘लाह’ जोडलेल्या सिंगापुरी इंग्रजीत येतं.

शहरावर त्या दिवसांत सुमात्रातल्या जंगलांचा धूर होता. दुपारी चारलाच संध्याकाळ वाटावी असा उजेड आणि होळी विझल्यानंतर येतो तसा वास. दिगंबररावांना धुराची फिकीर नव्हती. त्यांना दमटपणाची होती. नाणं एका छोट्या डबीत, कापसात, सोबत औषधाच्या बाटल्यांतून जमवलेल्या शोषक पुड्या. ती डबी शर्टाच्या खिशात. विमानात तीनदा आणि टॅक्सीत दोनदा त्यांनी खिसा चाचपला.

"मामा, बघू तरी," निलेश म्हणाला.

"हात धुऊन ये. कोरडे करून ये. काठाला धरायचं, नक्षीला बोट लावायचं नाही."

इराने वाकून पाहिलं. "So small, lah! This one for soldier ah?"

"सैनिकाचंच," दिगंबरराव म्हणाले. "त्याच्या एका वेळच्या भाकरीचं."

रात्रीचं जेवण खालच्या हॉकर सेंटरमध्ये झालं. एका छपराखाली चाळीसेक गाळे, मधे प्लास्टिकची टेबलं, ज्याने त्याने आपलं ताट स्वतः आणायचं. टेबल धरायला लोक खुर्चीवर कागदी रुमालांची पुडी ठेवून जातात आणि ती कोणी उचलत नाही. आपल्याकडे पुडी आणि खुर्ची दोन्ही जातील. शाकाहारी गाळ्यावरून दिगंबररावांसाठी शेवया आणल्या. वर तळलेला माशाचा तुकडा होता. खवल्यांसकट. ते ताट सरकवून उठले. गाळ्यावरच्या बाई धावत आल्या आणि तो तुकडा सोयाबीनचा असल्याचं हातवारे करून सांगू लागल्या. खवले म्हणजे समुद्री शेवाळाची पट्टी होती. दिगंबररावांनी अर्धा खाल्ला आणि निकाल दिला: "ओतीव. पण चांगलं ओतलंय."

रविवार, खंडेनवमी

सकाळी ऋचाने दिवाणखान्यात पाट मांडला. झेंडू लिट्ल इंडियातून आदल्या दिवशीच आणून ठेवला होता. खंडेनवमीला घरातली शस्त्रं पुजायची. या घरातली शस्त्रं अशी: निलेशचं पांढरं सेफ्टी हेल्मेट, त्याचा मोठा पाना, दोघांचे लॅपटॉप, स्वयंपाकघरातली सुरी, इराचा कंपास.

हेल्मेटला झेंडूची माळ घातलेली पाहून दिगंबरराव थबकले. मग खिशात हात गेला.

"ऋचा, एक राहिलं. ढाल आणि शिरस्त्राण. या घरात याच्याहून अस्सल शस्त्र नाही."

"ठेवा ना मामा. डबीत ठेवताय?"

"पूजेत डबी कशाला?" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने नाणं काढलं आणि सेफ्टी हेल्मेटच्या पुढ्यात, विड्याच्या पानावर ठेवलं. शिरस्त्राणाची बाजू वर. पांढऱ्या प्लास्टिकच्या हेल्मेटसमोर नखाएवढं कांस्य हेल्मेट. मी फोटो काढला.

ऋचा डावीकडून उजवीकडे येत होती. हेल्मेटला हळदीकुंकू, पान्याला हळदीकुंकू, लॅपटॉपच्या झाकणाला जरा जपून. बोट पाण्यात, मग कुंकवात. नाण्यापाशी आली, बोट पाण्यात, मग कुंकवात, आणि तुऱ्यावर टेकलं. वर अक्षता. दिगंबररावांच्या तोंडून "अगं" बाहेर पडेपर्यंत तिने सुरीलाही लावलं होतं.

मग ऋचा म्हणाली, "मामा, मी... हात आपोआप गेला."

"तुझं काही नाही. डबीतून मीच काढलं."

ते खिडकीपाशी बसले. दाढीच्या मऊ ब्रशने वीस मिनिटं झटकत होते. वरचं कुंकू गेलं. रेघेच्या कडांना, पट्ट्यांच्या फटींत शिरलेलं राहिलं. पाण्याने धुणं अशा धातूला घातक. घासलं तर दोन हजार वर्षांचा हिरवा थर निघणार. काळपट हिरव्या शिरस्त्राणाला आता लाल किनार होती.

"उद्याचं पुढे ढकलू का?" निलेशने विचारलं.

"परवा रात्रीचं विमान आहे आपलं," मी आठवण करून दिली.

"ढकलायचं नाही," दिगंबरराव म्हणाले. "तो माणूस दार उघडेल, नाण्यावर कुंकू बघेल आणि म्हणेल, हे लोक नाण्यांची पूजा करतात, यांना नाणी कळत नाहीत. म्हणू दे. रेघ तर बघेल."

श्रीखंड त्यांनी दुसऱ्यांदा घेतलं नाही. ऋचाला त्याचंच जास्त लागलं.

सोमवार, दसरा, तेलोक ब्लांगा

सिंगापूरला दसऱ्याची सुट्टी नसते. निलेशने रजा काढली. एमआरटीने आउट्रम पार्क, तिथे गाडी बदलून हार्बरफ्रंट, पुढे बस. निघताना ऋचाने पेढ्यांचा डबा दिला आणि कागदाची एक पुडी. "त्यांची बायको असेल तर दसऱ्याचं हळदीकुंकू. रिकाम्या हाताने कसं जायचं?" दिगंबररावांनी पुडीकडे पाहिलं, घेतली, खिशात ठेवली. डबीच्या विरुद्ध बाजूच्या खिशात.

ते गृहस्थ, मिस्टर लिम, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, अनवाणी पाय. चाळीस वर्षं जहाजांचे सर्व्हेअर होते. जहाज दुरुस्त झालं की ते तपासून, ते समुद्रात जायला योग्य आहे असं सही करून द्यायचं, हे काम. खिडकीतून फेरी धक्का दिसतो, असं ते म्हणाले. त्या दिवशी धुरात फक्त भोंगे ऐकू येत होते. पत्नी चार वर्षांपूर्वी गेल्या. दिगंबररावांनी पुडी खिशातच ठेवली.

कॉफी आली, कंडेन्स्ड मिल्क घातलेली, आणि नारळाच्या हिरव्या वड्या. मग लिम यांनी लाकडी ट्रे काढले. पुढचा पाऊण तास दिगंबरराव आपलं नाणं विसरले. मीही घड्याळ पाहिलं नाही.

सगळी कांस्य, सगळी लहान आणि प्रत्येकावर युद्ध. जहाजाचं टोकदार नाक, ज्याने शत्रूचं जहाज फोडायचं. भाला रोखलेला घोडेस्वार. म्यानातलं धनुष्य आणि शेजारी गदा. हत्ती, सोंड वर. शिरस्त्राण मागे सरकवलेली अथीना. एकावर नुसतं भाल्याचं पातं आणि खाली रानडुकराचा जबडा.

"जबडा का?" निलेशने विचारलं.

"शिकारीची गोष्ट आहे, ज्यांनी हे पाडलं त्यांच्या देशाची," लिम म्हणाले. "सोनं राजाकडे, चांदी व्यापाऱ्याकडे. हे शिपायाकडे. रोज खिशात हात घातला की ढाल. कोणासाठी लढतोस ते विसरायला नको, लाह."

दिगंबररावांनी त्यांना शिवराईबद्दल सांगितलं. ज्या राज्याचा निम्मा काळ घोड्यावर गेला, त्याच्या तांब्याच्या नाण्यावर ना तलवार, ना ढाल, ना घोडा. दोन्ही बाजूंना फक्त अक्षरं.

लिम यांनी चष्मा वर केला. "फक्त अक्षरं? शिपायांना वाचता येत होतं?"

"बहुतेकांना नाही."

"मग?"

दिगंबरराव हसले. "तीस वर्षं शिकवलं, हा प्रश्न एकाही मुलाने विचारला नाही."

मग लिम यांनी शेवटच्या ट्रेच्या मधल्या खणातून आपलं नाणं काढलं. पंचाहत्तर साली ग्रीसमध्ये, पिरेअस बंदरात एका जहाजाच्या तपासणीला गेले असताना घेतलेलं. संग्रहातलं पहिलं. बाकी सगळं त्याच्यामागून आलं.

दिगंबररावांनी डबी उघडली. लिम यांनी पाहिलं आणि विचारलं, "हे लाल काय?"

दिगंबररावांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. खंडेनवमी, सेफ्टी हेल्मेट, पाना, सुरी. लिम यांनी पान्यापाशी थांबवलं. "पान्याची पूजा? इंजिनियरच्या पान्याची?" त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं. मग भिंग डोळ्याला लावून ते नाण्यावर वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

"जहाजांच्या यार्डमध्ये आम्ही हेच करायचो," ते हळूच म्हणाले. "प्रोपेलरवर."

निलेश खुर्चीवरून अर्धवट उठला. "डाय पेनिट्रंट!"

दोघं एकमेकांकडे बघून हसू लागले. निलेशने आम्हाला समजावलं. धातूच्या भागावर लाल रंग लावायचा, थोडा वेळ थांबायचं, मग पुसून टाकायचा. जिथे भेग किंवा छिद्र असेल तिथे रंग आत शिरून बसतो आणि उघड दिसतो. जुरोंग आयलंडवर तो आठवड्यातून एकदा तरी हे करतो. ऋचाने काल तेच केलं होतं.

"अजून आहे का ते लाल?" लिम यांनी विचारलं.

खिशातली पुडी टेबलावर आली. दिगंबरराव म्हणाले, "माझ्यावर पुन्हा लावा. तुमच्यावर नको."

"एकाचीच तपासणी करून काय कळणार? दोन्हींवर." लिम यांनी बाटलीतून स्पिरिट आणलं, कुंकू पातळ केलं आणि स्वतःच्या हाताने बारीक ब्रशने दोन्ही नाण्यांना लावलं. घड्याळ लावून दहा मिनिटं थांबले. मग कापसाने पुसलं, दिवा ओढून घेतला.

दिगंबररावांच्या नाण्यावर लाल रंग होता तिथेच होता: रेघेच्या दोन्ही कुशींना, गालपट्ट्यांच्या फटीत, काठाला घाव बसून फाटलेल्या दोन चिरांत. बाकी पृष्ठभाग स्वच्छ. लिम यांच्या नाण्यावर, जिथे काहीच नसायला हवं त्या मोकळ्या जागेत, लाल ठिपके उमटले होते. गोल, सुईच्या टोकाएवढे. दहा-बारा एका बाजूला, तितकेच ढालीवर. आणि काठावरून सगळीकडे फिरलेली एक बारीक लाल रेषा.

निलेश मराठीत बोलला, चेहरा न बदलता. "मामा, हसत राहा. त्यांचं ओतीव आहे."

"काय?"

"हसत राहा म्हटलं ना. ते गोल ठिपके म्हणजे ओतताना अडकलेले बुडबुडे. आमच्याकडे असा पंप आला असता तर मी परत धाडला असता. आणि काठावरची रेषा साच्याच्या दोन भागांचा जोड आहे. ठोकलेल्या नाण्याला जोड कुठून येणार?"

"माझ्यावर आहे?"

"नाही. तुमचं ठोकलेलं आहे. शंभर टक्के."

दिगंबररावांचे कान लाल झाले. तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य त्यांनी ऐकलं होतं. ते कॉफीच्या रिकाम्या कपातून एक घोट प्यायले.

"सांगू नकोस," ते म्हणाले.

"अहो मामा! मग बापटांना काय दाखवणार?"

"बापट गेले खड्ड्यात. या माणसाचं पहिलं नाणं आहे ते. म्हणजे, म्हणू की दोन्ही छान आहेत. उठू."

"काका, तुम्ही सांगा यांना," निलेश माझ्याकडे वळला.

मी म्हणालो की आपणहून सांगण्याची गरज नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलता येणार नाही.

लिम भिंग पुसत होते. "तिघं इतका वेळ आपल्या भाषेत बोलताय," ते म्हणाले. "माझं चांगलं असतं तर इंग्रजीत बोलला असतात, लाह."

निलेशने मान खाली घातली.

"मी चाळीस वर्षं लाल ठिपके मोजले," लिम पुढे म्हणाले. "कॅप्टन असेच गप्प बसायचे." त्यांनी ड्रॉवरमधून मापायचा व्हर्निअर काढला. दिगंबररावांचं नाणं साडेसोळा मिलिमीटर. त्यांचं सोळाला जेमतेम एक दशांश वर. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते. दिगंबररावांच्या नाण्याच्या एखाद्या सख्ख्या भावंडावरून साचा काढला गेला असावा, कदाचित पिरेअसमध्येच, बंदरावर उतरणाऱ्यांसाठी. "आणि मी उतरलो," लिम म्हणाले आणि मोठ्याने हसले. हसणं संपल्यावर मात्र थोडा वेळ नाणं तळहातावर धरून बसले. दिगंबररावांनी पेढ्यांचा डबा उघडून पुढे केला. लिम यांनी एक पेढा घेतला, खाल्ला, कशाचा आहे ते विचारलं.

मग ते टाइपरायटरपाशी गेले. पत्र दिगंबररावांनी मागितलं नव्हतं. चार वाक्यांचं पत्र, सर्व्हे रिपोर्टच्या भाषेत, एकही विशेषण नाही. दोन नाणी शेजारी ठेवून तपासली. श्री. जोगळेकर यांचं नाणं ठशावर ठोकलेलं आहे. माझं नाणं ओतीव नक्कल असून त्यावर वायूची छिद्रं आणि साच्याचा जोड आढळला. पद्धत: लाल रंग, दहा मिनिटं.

दिगंबररावांनी वाचलं. "मिस्टर लिम, तिसरं वाक्य काढा. दुसरं पुरेसं आहे."

"नाही पुरेसं."

"मला पुरेसं आहे."

"तुमच्या मित्राला नाही. तो म्हणेल, मग त्या म्हाताऱ्याचं नाणं काय? माझं ओतीव आहे, म्हणूनच तुमचं त्याची नक्कल असू शकत नाही. तिसरं वाक्य काढलं तर रिपोर्ट अपुरा." त्यांनी टोपण काढून पेन हातात घेतलं. "अपुऱ्या रिपोर्टवर मी कधी सही केलेली नाही."

सही केली, तारीख घातली. दाराशी दिगंबररावांनी त्यांना वाकून नमस्कार केला. वयात आठ वर्षांचंच अंतर होतं. लिम गोंधळले आणि त्यांनीही वाकून केला.

बस येईपर्यंत दिगंबररावांनी निलेशला दोनदा मिठी मारली आणि मोबाइलवर ऋचाला फोन लावला. रस्त्याच्या आवाजावरून ओरडून सांगत होते, "तुझ्या कुंकवाने कळलं गं! तुझ्या कुंकवाने!" थांब्यावरची माणसं वळून पाहत होती. हा गृहस्थ शाळेत शांततेसाठी प्रसिद्ध होता, असं मी ऐकून आहे.

पुणे

पुढच्या बैठकीला चौदा जण होते. दिगंबररावांनी टेबलावर नाणं ठेवलं, शेजारी पत्र ठेवलं आणि खुर्चीत बसले. भाषण त्यांनी तयार केलं होतं. विमानात मला दोनदा म्हणून दाखवलं होतं. ते केलं नाही.

बापटांनी पत्र उचललं. दुसरं वाक्य वाचताना त्यांच्या भुवया वर गेल्या. ते काही बोलणार होते. मग तिसरं वाचलं. पुन्हा वाचलं. पत्र उलटं करून मागे काही आहे का पाहिलं. चष्मा काढला.

"जोगळेकर," ते म्हणाले, "हा गृहस्थ कोण?"

दिगंबररावांनी सांगायला सुरुवात केली. बापट खुर्ची ओढून जवळ सरकले. नाणं त्यांच्या कोपराशी होतं. ते पुढे अर्धा तास कोणी उचललं नाही.